चष्मा घातलेली बाई

१९ ऑगस्ट
पोरगा नांदेडवरून आला. म्हणला, "माय, लातुरात एका दुकानात बाबानं काढलेली म्हणून चित्रं इकून राहिलेत. खरी का खोटी, तू येऊन सांग म्हणतात." ह्यांना घर सोडून सहा वर्षं झाली. चिठ्ठी न्हाई, फोन न्हाई. मेले समजून चित्रांचा भाव वाढवला आसंल.

२१ ऑगस्ट
लातूर. दुकानदार लई गोड बोलतो. पोळ्याची चित्रं दाखवली. बैलांच्या खांद्यावर जू! म्हणलं, "पोळ्याला बैल जुंपतो व्हय रे कुणी? खोटी हायेत." तर हसतोय, "मावशी, हळू. गिऱ्हाईक बसलंय."
मग एक चित्र काढलं. आमचं दार. दारात बाई तांदूळ निवडून राहिली. चष्मा, डाव्या दांडीला काळा दोरा.
मी माझा चष्मा काढून बघितला. तोच काळा दोरा.

२२ ऑगस्ट
काल पुढं लिहवलं न्हाई. त्या चित्रासंगं खरेपणाचा दाखला हाय. सात वर्षांमागं काढलं म्हणून. खाली ह्यांची इंग्रजी सही. ह्यांना मराठी सही करताना घाम फुटायचा! दाखला साफ खोटा.
पण चष्मा मला मागच्या दिवाळीत लागला. दांडी तर उन्हाळ्यात मोडली.
म्हंजे चित्र ह्यांचंच, आन् आत्ताचं. जिते हायेत. रस्त्यावर उभं राहून मला बघून गेले.
हाक मारायला काय झालतं?

२४ ऑगस्ट
पोरगा म्हणतो, "खोटी चित्रं काढणाराच येऊन बघून गेला आसंल. तुला पाहिजे म्हणून तुला खरं दिसतंय."
आसंल. पण ती बाई डाव्या पायावर बसलीय, टाच बाहेर. "पायाला मुंग्या येतील, नीट बस की," हे लई वरडायचे. आजबी तशीच बसले. मुंग्या आल्या.
दुकानदार फोन करून दाखल्यावर माझी सही मागतोय. म्हणलं, आधी चित्र कोण आणून देतो ते बोल. "देगलूरकडचा दलाल हाय, मावशी. पुढचं त्यालाच ठाऊक."

२७ ऑगस्ट
दुकानदाराचा फोन. दलाल नवीन चित्र घेऊन आलाय, रंग अजून हाताला लागतोय. "उद्या या. त्याला बसवून ठेवतो."
इचारलं, काढलंय काय?
"तेच दार, मावशी. बाई न्हाई. कुलूप हाय."
ह्या महिन्यात दाराला कुलूप एकदाच लागलं. मी लातूरला गेले त्या दिवशी. म्हंजे त्याच दिवशी हे दारापर्यंत येऊन गेले.
पिशवी भरली. परत रिकामी केली. दलालाला गाठलं तर पत्ता लागंल. पण मी तिकडं गेले, आन् हे परत इकडं आले तर पुन्हा कुलूपच दिसंल.