कासवाच्या पाठीवरचं झाकण

३ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आई, माझं कासव शिल्पांच्या प्रदर्शनासाठी निवडलं गेलं! आजवर दरवेळी नकारच आला होता, त्यामुळे पत्र तीनदा वाचलं. मागच्या व्हरांड्यात तुझ्या नाकावर टिच्चून मांडलेला तो पसारा आता मोठ्या दालनात ठेवणार आहेत. तू त्याला उकिरडा म्हणायचीस, म्हणून हे मुद्दाम सांगते.

मला मात्र येता येणार नाही. परीक्षा असल्या की शाळेत माझ्यासारख्या चित्रकलेच्या बाईंनाही पहाऱ्याला बसवतात. महिनाअखेरीस टेंपोवाला येऊन कासव घेऊन जाईल. तारेचा सांगाडा भक्कम आहे. मान झाडाच्या मुळाची आहे, तेवढी जपायला सांग. पाठीवर ओढ्यातून गोळा केलेली डब्यांची प्लॅस्टिकची झाकणं आहेत. तोवर त्याच्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारत जा.

लोभ आहेच, थोडा कासवावरही असू दे.

तुझी,
ठकू


७ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून बाबा दोनदा घसा खाकरले, म्हणजे किती आनंद झाला ते समज. मग उगाचच बाहेर जाऊन शेजारच्या वकिलांना सांगून आले.

कासवाची काळजी करू नकोस. तू सांगितलंस तसं पाणी मारलं, पण नुसत्या पाण्याने काय होतंय? चार लोकांत जायचं म्हणून काल त्याला चांगली आंघोळच घातली. माती इतकी घट्ट बसली होती की साबण आणि घासणी घ्यावी लागली. ते हिरवं बुळबुळीत सगळं निघालं. झाकणं कशी लख्ख दिसतायत! माझी कंबर धरली आहे, पण लेकीचं काम मळकं गेलं असतं तर लोकांनी मलाच नावं ठेवली असती.

वेळेवर जेवत जा. लोभ वाढता ठेव.

आई


१० फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न.

वि. वि. आज राहू दे.

ते हिरवं बुळबुळीत म्हणजे शेवाळ होतं, आई. झाकणांवर माती लिंपून, व्हरांड्याच्या सावलीत कित्येक महिने मी ते वाढवत होते. पाणी मारायला सांगितलं ते त्याच्यासाठी. आपण टाकलेल्या घाणीवरही झाडपाला पुन्हा उगवतो, असं मला दाखवायचं होतं. निवड समितीतल्या बाईंनी फोटो पाहून नेमकं तेच उचलून धरलं होतं. आता त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

मी खूप रडले. तुझ्याशी बोलू नये असं वाटतं आणि तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगावंसंही वाटत नाही. टेंपोवाल्याला परत पाठव. मी माघार घेतल्याचं कळवून टाकते.

लोभ आहे, पण रागावले आहे.

ठकू


१४ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

चुकले ग. तुला विचारायला हवं होतं. कोणी येणार म्हटलं की मला पायऱ्यासुद्धा धुतल्याशिवाय चैन पडत नाही, तू बघतच आली आहेस.

काल त्या कासवाची माफी मागावी म्हणून व्हरांड्यात जाऊन बसले. हसू नकोस. त्याच्या मानेजवळ एक पिवळं झाकण आहे. कडेला तापल्या सुईने पाडलेली तीन टिंबं आहेत. ठकू, ही आपल्या घरची खूण. शेजारीपाजारी डबे अदलाबदल होतात म्हणून बाबा प्रत्येक डब्यावर ती पाडायचे. हे माझ्या साखरेच्या डब्याचं झाकण. तू शाळेत होतीस तेव्हा त्याला चीर गेली आणि मी ते मागच्या दारातून ओढ्यात भिरकावलं. तेव्हा सगळेच टाकायचे. टाकलं की विसरायचं. पण ते कुठे गेलंच नाही ग. मी म्हातारी झाले, ते मात्र तसंच पिवळंधमक आहे.

तुला सापडलं तेव्हा चिखलाने भरलेलं असणार, म्हणून तुलाही टिंबं दिसली नसतील. मला शिल्पातलं काही कळत नाही. पण तुझ्या कुठल्याच कामासमोर मी आजवर अशी बसून राहिले नव्हते. माघार घेऊ नकोस. त्या बाईंना हवं तर कळव की आईने वाट लावली.

रागावलीस तरी लोभ आटत नाही, ठाऊक आहे मला.

आई


१९ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि. (बघ, परत आलं.)

टिंबं मला खरंच दिसली नव्हती. शेवाळ सुंदर होतं, पण त्याच्याखाली मी आपलंच सगळं झाकून टाकत होते, हे तुझ्या पत्रामुळे लक्षात आलं. बाईंना खरं ते लिहिलं. त्यांचं म्हणणं, कासव आहे तसं पाठवा, पाहून मग ठेवायचं की परत करायचं ते ठरवू. तेव्हा टेंपो येऊ दे.

एकच विचारते. तुला चारचौघांत कानकोंडं होणार असेल, तर बाबा तार सैल करून ते झाकण उलटं बसवतील. मला वाईट वाटणार नाही. ते तुझं तू ठरव.

कंबर कशी आहे? लोभ होता तसाच आहे.

तुझी,
ठकू


३ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

कासव ठेवून घेतलं! अगदी दारासमोर मांडलंय. झाकण मी उलटं केलं नाही. बाबा पक्कड घेऊन तयारच होते, त्यांना चहा देऊन बसवलं.

काल पहिल्याच दिवशी ठेवणीतले कपडे घालून आम्ही दोघं गेलो. कासवाभोवती बरीच माणसं होती. त्यांतल्या एक बाई नाक मुरडून म्हणाल्या की शी, कोणाच्या घरचा कचरा हा. बाबांनी माझा हात दाबला, म्हणजे गप्प बस. मी कधी गप्प बसले आहे? पुढे झाले, पिवळ्या झाकणावर बोट ठेवलं आणि सांगितलं की कासव माझ्या मुलीचं आणि कचरा माझा.

शिल्पाला हात लावू नका म्हणून तिथल्या पहारेकऱ्याने लगेच हटकलं. त्या बाई मात्र आणखी जवळ आल्या. चष्मा चढवून, वाकून वाकून एकेक झाकण बघायला लागल्या.

परीक्षा संपल्या की लगेच ये. लोभ किती आहे ते पत्रात काय लिहू? मागचा व्हरांडा तू गेलीस तसाच ठेवलाय. झाडूसुद्धा मारलेला नाही.

आई