दराचा कागद कुणी जोडला

मी, यादव कोंडाजी गांगुर्डे, वय ६८, राहणार नाशिकरोड, कुणाच्या दबावाशिवाय आणि डोकं ठिकाणावर असताना हे लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. डोकं ठिकाणावर नव्हतं तो दिवस वेगळा. तो कलम तीनमध्ये.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक पत्नी लताबाई हिची. भिंतीवरचा वडिलांचा गणवेशातला फोटो तिने काढू नये. ते देवळालीला तोफखान्यात होते. तोफांनी त्यांचे कान नेले. माझ्या लग्नात त्यांना बँडसुद्धा ऐकू आला नाही.

२. अंबडची कारखान्याची शेड व यंत्रं कन्या सुवर्णा हिची. आजोबांमुळेच तिने तोफेवरच्या जवानांसाठी कानावर घालायचं यंत्र बनवलं. त्यात स्फोटाचा आवाज अडतो, हुकूम मात्र ऐकू येतो. सैन्याने वर्षभर चाचण्या घेतल्या. एका हवालदाराने तोफ डागून झाल्यावर ते काढून म्हटलं, "ताई, आज पहिल्यांदा कानात शिट्टी वाजत नाय." पोरगी गाडीत बसून रडली.

३. मग सैन्याने खरेदीची निविदा काढली. ती सरकारी पोर्टलवर दोन पाकिटांत भरायची होती, एकात तांत्रिक माहिती आणि दुसऱ्यात दर. तांत्रिक पाकिटात दर दिसला की निविदा बाद, यंत्र कितीही चांगलं असो. आमची बाद झाली. सगळ्या कामगारांसमोर मी सुवर्णाला म्हणालो, "तुझ्या धांदरटपणाने बुडालो." ती हातातली सोल्डरिंग गन टेबलावर ठेवून निघून गेली. आता बंगळुरूला दुसऱ्यांकडे नोकरी करते.

पंधरा दिवसांनी मी पोर्टल उघडून पाहिलं. तिने दिलेल्या दोन्ही फाइली बिनचूक होत्या. शेवटच्या तासाला दर आणखी उतरवून नवा कागद मीच चुकीच्या पाकिटात जोडला होता. खाली माझीच डिजिटल सही. तीन वर्षं झाली, मला तिला फोन करवला नाही. कसला बाप मी!

४. पुढच्या निविदेत पुरवठ्याचा जुना अनुभव मागितला. पहिलं काम मिळाल्याशिवाय अनुभव कुठून आणायचा, हे मला सांगू न शकलेल्या अधिकाऱ्याला माझी मोडकी खुर्ची द्यावी. बसून विचार करू दे.

५. सोल्डरिंग गन अजून टेबलावरच आहे. ती सुवर्णानेच उचलावी. शेड चालवायची की विकायची, तिची मर्जी. कलम तीन मात्र त्याच कामगारांसमोर मोठ्याने वाचावं. म्हणून साक्षीदारही त्यांच्यातलेच घेतले आणि सगळा मजकूर त्यांना वाचून दाखवला.

नाशिक, ९ जून २०२५
सही: यादव कोंडाजी गांगुर्डे

साक्षीदार:
१. मल्हारी सहादू बोराडे
२. हिरामण फकिरा पगारे

हिरामणच्या हस्ताक्षरात, सहीखाली: साहेब, तुम्ही कागद जोडला तेव्हा मी मागंच उभा होतो. तुम्ही ओरडायच्या आधीच मी ताईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, पप्पांना कळू देऊ नका, त्यांना लय लागेल.