खोकल्याची साक्ष

साहेब,

उद्या निकाल आहे. खुनाचा खटला, आणि आरोपीची वकील मी. तुम्ही गेल्यानंतर असे कितीतरी निकाल लागले, पण तुम्हाला सांगावासा वाटतोय तो हा एकच. गेले काही महिने मला खरं तर काहीच वाटत नाही. जेवते, कोर्टात जाते, पक्षकारांवर ओरडते. ओरडतानाही आत सगळं गप्पच असतं.

भोरच्या कोर्टात मी पहिला उलटतपास घेतला, तो दिवस तुम्ही विसरला नसाल. भोंगवलीचा एक म्हातारा शेतकरी साक्षीला उभा होता आणि मी त्याच्यावर अशी तुटून पडले की बिचारा पाणी मागायचंही विसरला. मला वाटलं, मैदान मारलं. संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात काकू पोहे वाढत होत्या, तेव्हा तुम्ही म्हणालात, "दारात आलेल्या माणसाशी तुम्ही असंच बोलता का हो, बाई?" काकूंचा हात थांबला. मी बशी बाजूला सारली. मग तुम्हीच ती पुन्हा माझ्यापुढे सरकवलीत. "साक्षीदाराला आधी बसतं करावं. माणूस घरातलं बोलायला लागला की पढवलेलं विसरतो." तुमचा भयंकर राग आला होता मला. तरी दुसऱ्या दिवसापासून मी तुमच्या मागे बसून नुसती ऐकायला लागले. भात लावून झाला का, लेक कुठं दिली, असं काहीबाही तुम्ही विचारायचात, आणि बघता बघता सरकार पक्षाचा खटला उसवलेला असायचा. पुण्याला चला म्हणून लोक मागे लागले, तुम्ही हलला नाहीत. न्यायाधीश बदलत राहिले. तुम्ही आणि कोर्टातला तो कुरकुरणारा पंखा तेवढे कायम.

तर हा खटला. वेल्ह्याकडच्या एका गावात दिवेलागणीला, शेताच्या बांधावर एकाचा कोयत्याने खून झाला. पाहणारी एकच, त्याची आई. दारातून आपण माझ्या पक्षकाराला वार करताना पाहिलं, असं तिने सरकारी वकिलांना खणखणीत सांगितलं. मग पुण्याच्या सेशन्स कोर्टात मी उलटतपासाला उभी राहते. ती पिंजऱ्याची कड घट्ट धरून उभी आहे. मी तिच्यासाठी खुर्ची मागवते, पाणी मागवते.

"मावशी, मुलगा रोज संध्याकाळीच घरी यायचा का हो?"

"व्हय. म्या दारात बसायची, वाट बगत."

"लांबूनच ओळखायचात त्याला?"

तिचा चेहरा उजळतो. "त्येला खोकला व्हता, लहानपनापासनं. बांधावर खोकला आयकू आला की म्या तवा ठिवायची चुलीवर. तोंड कुठं दिसतंय मला त्या वक्ताला? खोकल्यावरनं वळखायची."

सरकारी वकिलांनी मान खाली घातली. न्यायाधीशांनी टायपिस्टला वाक्य सांगितलं : 'संध्याकाळच्या वेळी मला बांधावरील माणसाचा चेहरा दिसत नाही, हे खरे आहे.' खोकला आणि तवा साक्षीत उतरले नाहीत. मला त्यांची गरजही नव्हती. मी खाली बसले. तुम्ही असतात तर खूश झाला असतात.

गाडी चालवायला मी अजून शिकलेले नाही, तेव्हा स्वारगेटहून आपली भोरची एसटी. आणि शेजारी नेमकी तीच येऊन बसली. सोबतचा दीर मागच्या बाकावर. गैरसमज नको म्हणून मी आधीच सांगून टाकलं, "मावशी, मी त्याची वकील आहे. तुमची नाही."

"ठावं हाय की. येडी न्हाई म्या." मग तिने विचारलं, "सुटंल न्हवं तो आता?"

खोटं बोलवेना. "बहुतेक सुटेल."

घाट उतरल्यावर ती म्हणाली, "पोलिसांनी इचारलं, सरकारी सायबांनी इचारलं. समद्यांनी त्येला मारला कसा त्येच इचारलं. तो घरी कसा यायचा, ते तुमी एकल्यांनीच इचारलं, बाई." नसरापूर फाट्याला उतरताना तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हापासून मला हे असं काही वाटेनासं झालंय.

माझ्या पक्षकाराने खून केला की नाही, मला माहीत नाही. पुरावा नसेल तर तो सुटलाच पाहिजे, हे तुम्हीच शिकवलंत आणि ते मला आजही पटतं. युक्तिवादात मी काही हातचं राखलं नाही. तुम्ही समोर बसला असतात तरी तुम्हाला खोट सापडली नसती.

हे पत्र कुठे टाकायचं, हा प्रश्नच नाही. पण तुम्ही हयात असतात तरी मी ते टाकलं नसतं. वकिलाने आपल्या साहेबांना सांगू नये, असं एक त्यात लिहावं लागतंय. उद्या मी हरावं, असं मला वाटतंय.