कुलूप कोणी फोडलं

४ मार्च
चाललं एकदाचं! व्हिडिओ गेमची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने आपल्या कन्सोलमध्ये कुलूप घातलंय – एक चिप. परवाना नसलेली कॅसेट लावली की ती खेळ बंद पाडते. आमच्या कॅसेटमधून मी तिला सुरुवातीलाच विजेचा झटका देते, की बसते गप्प. पाच महिने घासले. दादा म्हणतो, "मी म्हटलं नव्हतं, होईल?" म्हटलं होतं खरं. जेवताजेवता.

१९ मार्च
पहिली कॅसेट बाजारात. खेळही माझाच – गटारात अडकलेला उंदीर. पडद्यावर शेवटी माझं नाव टाकलं होतं, दादाने काढायला लावलं. "नाव दिसलं की कंपनी शोधत येईल. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय." डब्यावर त्याचं नाव भलंमोठं छापलंय, ते कंपनीला दिसत नाही वाटतं.

७ जुलै
वहिनी पाहुण्यांना – "ही होय? ही यांना मदत करते." मदत!

२ सप्टेंबर
कंपनीने दुकानदारांना दम भरलाय – यांचा माल ठेवलात तर आमचा मिळणार नाही. खोकी परत येतायत, जिन्यात पाय ठेवायला जागा नाही. दादा माझ्यावर डाफरतो. कौतुकाला तो, बोलणी खायला मी.

३० ऑक्टोबर
कंपनीने दावा ठोकला. दादाने तोड काढलीय: सगळं बाहेरच्या एका माणसाकडून विकत घेतलं, तो आता सापडत नाही. आणि मी? मी खोकी भरते. "कोर्टात एवढंच बोल, नाहीतर धंदा बुडाला समज." माझे चार खेळ एका न जन्मलेल्या माणसाच्या नावावर. जीव जळतो नुसता.

१२ नोव्हेंबर
साक्षीची तालीम. वहिनी वकील झाली. दादा म्हणाला, "चेहरा जरा बावळट ठेव." इतकी वर्षं दुसरं काय केलं?

१५ नोव्हेंबर
कोर्टाच्या व्हरांड्यात कंपनीचा म्हातारा इंजिनियर भेटला. कुलूप त्याचंच. दादाला म्हणाला, "ज्याने हे फोडलं ना, त्याला एकदा भेटायचंय. इतकं साधं मला सुचलंच नसतं." दादा म्हणाला, "तो परदेशी गेला." मी मागेच उभी होते, नमुन्याच्या कॅसेटचं खोकं धरून. असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही. उद्या माझी साक्ष.

१६ नोव्हेंबर
"तुम्ही तिथे काय करता?"
"खेळ लिहिते. कुलूप मीच फोडलं."
नंतर म्हाताऱ्याने बाकावर जागा करून दिली. कसं सुचलं, विचारलं. सगळं सांगितलं त्याला. दादा केव्हाच निघून गेला होता.