चारशे बारा कडी

१२ सप्टेंबर

ती. ताईस,
दोन्ही हात जोडून सा. न. वि. वि.

भावोजींनी समुद्रकाठच्या हॉटेलात सगळ्यांसाठी खोल्या धरल्याचं कळलं. त्यांचे आभार मान आणि आमच्या दोघांची खोली सोडून द्यायला सांग. ऐंशीवा वाढदिवस आप्पांचा आहे, आणि तो खुर्चीत बसून लाटा बघण्यात घालवायची त्यांची इच्छा नाही. मी त्यांना जुन्या जंगलात नेतोय. राखीव उद्यान आहे, त्यातल्या उभ्या झाडांना आजवर करवत लागलेली नाही. जाहिरातीत येत नाही, म्हणून भावोजींच्या यादीत नसणार.

आता तू आप्पांचं जूनमधलं पडणं काढशील. बाथरूमची ती गुळगुळीत फरशी मी दुसऱ्याच दिवशी उखडली. उद्यानाच्या कचेरीला पत्र लिहून नकाशा मागवलाय. फळ्यांची सपाट वाट एक हजार आठशे चाळीस मीटर, बाकं नऊ. आमची गल्ली माझ्या सुतारखान्याच्या दारापासून पोस्टाच्या पेटीपर्यंत ब्याण्णव मीटर भरते, म्हणजे बरोबर वीस वेळा. मंगळवारी आप्पांनी काठी घेऊन ती वीस वेळा पार केली. एक तास अठरा मिनिटं लागली. तुझ्या डॉक्टरलाही मी स्वतः भेटलो. सपाटीवर चालायला हरकत नाही, असं तो म्हणाला. तुला सांगताना त्याने अर्धंच सांगितलं असावं, किंवा तू अर्धंच ऐकलंस.

ज्या माणसाने चाळीस वर्षं सॉ मिलमध्ये आडवी झाडं पाहिली, त्याला एकदा ती उभी बघू दे.

लोभ आहेच. या पत्राने कमी झाला तर तसं कळव.
तुझा धाकटा


१७ सप्टेंबर

चि. फुटपट्टीस,
अनेक आशीर्वाद, आणि त्याहून जास्त संताप.

झाडं काय पळून चालली आहेत? गल्लीत वीस फेऱ्या मारून जंगल कळतं, हे तुझ्यासारख्या पुस्तकं वाचून सुतार झालेल्या माणसालाच सुचू शकतं. तुझे भावोजी म्हणाले की याने कपाट करताना घराची भिंतही वाकडी ठरवली होती. मी त्यांना गप्प केलं, कारण भिंत खरंच वाकडी होती. पण आप्पा म्हणजे कपाट नाहीत.

शाळेत मी साडेतीनशे पोरं सांभाळते, मला सबबी ऐकायची सवय आहे. सरळ सांगते. आप्पा तिकडे एकदा जरी पडले, लागो न लागो, तरी मी गाडी घेऊन येईन आणि त्यांना कायमचं माझ्याकडे आणीन. इथे लिफ्ट आहे, दिवसभराची बाई आहे, खिडकीत ऊन येतं. तू एक शब्द काढायचा नाहीस. मान्य असेल तर तसं लिहून दे.

रागावले तरी तुझीच,
ताई


२० सप्टेंबर

ती. ताईस, सा. न.
मान्य.
धाकटा


६ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माप खोटं लिहायची मला सवय नाही, म्हणून आधी तेच लिहितो. आप्पा पडले. दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी. डाव्या कोपराला तीन सेंटीमीटर खरचटलं, बाकी काही नाही.

आता कसे ते ऐक. चौथ्या बाकापर्यंत आम्ही वेळेच्या आठ मिनिटं पुढे होतो. झाडं अशी, की वर बघता बघता आप्पांची टोपी दोनदा खाली पडली. पुढे एक जुनं झाड वाऱ्याने वाटेवर आडवं झालेलं. उद्यानवाल्यांनी वाटेपुरतं कापून मधून रस्ता काढलाय, त्यामुळे दोन्ही बाजूंना कापलेली तोंडं. शेजारी पाटी होती, वय सुमारे साडेतीनशे वर्षं. आजूबाजूला शेकडो झाडं उभी असताना आप्पा नेमके त्या आडव्यापाशी अडले. पाटी वाचून ते जोरात हसले, चष्मा पुसला, खिशातली पेन्सिल काढली आणि कडी मोजायला लागले. एका वर्षाचं एक कडं, दर दहाव्यावर एक ठिपका. माझं वेळापत्रक तिथेच संपलं. कारण ओंडका दोन्ही टोकांनी वाचल्याशिवाय सोडायचा नाही, हा मिलचा नियम, आणि तो मी हिशेबात धरलाच नव्हता.

वनरक्षक बाई आल्या. लाकडावर लिहायला मनाई आहे म्हणाल्या. आप्पांनी मान वर न करता त्यांना सांगितलं की थांबा, आकडा चुकेल. त्या थांबल्या. मग त्याही मोजायला वाकल्या. माझे चारशे नऊ आले, आप्पांचे चारशे बारा. मी हटलो नाही, म्हणून पुन्हा मोजलं. चारशे बारा. मी चार बारीक कडी दुष्काळाच्या वर्षांची आहेत हे न ओळखता एकात घातली होती. हे लिहायला मला किती जड जातंय ते तुला कळेल.

मग अख्खं तोंड एकदम दिसावं म्हणून आप्पा मागे सरकले, फळी संपली, आणि ते शेवाळात बसले. बसूनच म्हणाले की इथूनही चारशे बाराच दिसतात.

हे लपवता आलं असतं. पण शब्द दिलाय, गाडी घेऊन ये, मी तोंड उघडणार नाही. फक्त परतताना एक गोष्ट लक्षात आली. शब्द मी दिला आणि तू घेतलास. आप्पांना दोघांपैकी कोणीच विचारलं नव्हतं. म्हणून तुझं पत्र त्यांच्या हातात दिलं. ते तुला स्वतः लिहिणार आहेत.

कृपादृष्टी राहील तेवढी राहो.
धाकटा


९ ऑक्टोबर

चि. थोरलीस,
पोटभर आशीर्वाद.

तुझी तार मिळाली. खोली रंगवून ठेवलीस, परवा गाडी घेऊन येतेस, हे वाचलं. रंग चांगला निवडला असशील, तुला ती नजर आहे.

पोरी, मी पडलो हे खरं. पुन्हा पडेन. तू सायकल शिकताना अकरा वेळा पडलीस, एकदा समोरचा दात हलला, तुझी आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तरी मी सायकल कुलपात घातली नाही. तुझ्या खिडकीत ऊन येतं, पण माझं तिथे काम काय?

त्या वनरक्षक बाईंचं पत्र आलंय. पाटी बदलताहेत. आत आणखी दोन झाडं तशीच आडवी कापलेली आहेत, वय कोणालाच ठाऊक नाही. मार्चमध्ये येईन असं मी त्यांना कळवून टाकलंय. तुझा भाऊ सोबत येईल, त्याला नीट मोजायला शिकवायचंय. तुलाही यायचं असेल तर रजा आत्ताच टाक.

परवा अवश्य ये, जेवून जा, जावयांनाही आण. परतताना गाडीत माझी जागा रिकामी राहील. हे मी विचारत नाही, कळवतोय.

तुझा बाप