चित्रातला उजवा हात

अँटवर्प, १४ जानेवारी १५३६

ती. एन्ड्रेसमामांना अपोलोनियाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही कोरलेलं बाबांचं छापचित्र काल पोचलं. मी आधी हातच बघितला. उजव्या हातात लेखणी! सुगीत त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून पत्रं येतात ती कारकुनाच्या अक्षरात, ‘प्रकृती बरी आहे’ एवढीच. तुम्ही सगळे मिळून काहीतरी लपवताय असंच वाटायचं. काल जीव भांड्यात पडला.

पण सासूबाई म्हणतात, धर्मपंडिताचं चित्र म्हटलं की हे लोक लेखणी देतातच. आणि शेजारी ती कवटी, ते वाळू सरत आलेलं घड्याळ कशाला? खरं काय ते कळवा. दिवस भरत आलेत, नाहीतर न्यूरेंबर्गला येऊन भांडलेच असते.

लोभ असू द्या, थापा नकोत.

तुमची भाची,
अपोलोनिया

न्यूरेंबर्ग, ३ फेब्रुवारी १५३६

चि. सौ. अपोलोनियास मामाचे अ. उ. आशीर्वाद.

पोरी, कवटीला काय घाबरतेस! ती माझ्या फळीवरची. गेल्या वर्षी दोन पंडितांपुढे ठेवली होती, दोघेही ठणठणीत आहेत. माणूस जायचाच, तेव्हा आज अभ्यास कर, एवढंच ती सांगते. घड्याळाचंही तेच. पायाशी झोपलेलं इमानी कुत्रं शेजारणीचं.

खरा होता तो फक्त हात, आणि तिथंच मी माती खाल्ली. तांब्याच्या पत्र्यावर सगळं उलटं कोरावं, तेव्हा कागदावर छाप सुलटा येतो. मी नावाची अक्षरं तेवढी उलटी कोरली आणि तुझे बाबा समोर दिसले तसेच उतरवले. लेखणी डाव्या हातात होती गं. उजवा अजून उचलत नाही. तुझी आई चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

पण ऐक. सुगी सरल्यापासून हा हिब्रू पढवणारा माणूस डाव्या हातानं मुळाक्षरं गिरवतोय आणि चुकला की लॅटिनमध्ये शिव्या देतोय. जमेपर्यंत पोरीला कळवायचं नाही, असा हट्ट. तुझं पत्र वाचून दाखवलं, तर आम्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. सोबतचा कागद त्यांचा.

बाळाची खबर लगेच कळव, माझे डोळे वाटेकडे लागलेत.

एन्ड्रेसमामा

चि. लोनीस आशीर्वाद.

हे मीच लिहितोय. एवढ्याला सकाळ गेली. डोकं शाबूत आहे, भूक लागते. आईला अक्षर लागत नाही, तुला लागेल.

तुझी फार आठवण येते. कारकुनाला हे सांगवत नव्हतं.

बाबा