सुक्कर माझ्या देखरेखीखाली

१० एप्रिल, गुरुवार
नासिर आज आईला घेऊन जेद्दाला गेला. नासिर म्हणजे माझा कफील, कंपनीचा मालक. आईच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. निघताना त्याने इस्तिराहाची किल्ली माझ्या हातात दिली. आमच्या खमीस मुशैत शहराबाहेर डोंगराच्या कुशीत त्याचं हे फार्महाऊस आहे आणि तिथे म्हातारीची लाडकी अल्पाका राहते. नाव सुक्कर. साखरेसारखी पांढरी, लांब मान, अंगभर लोकर, आणि चेहऱ्यावर सतत कुणीतरी अपमान केल्यासारखा भाव. माझ्या बायकोच्या, हेमलताच्या मते मेंढी आणि उंट यांनी पळून जाऊन लग्न केलं तर असं काहीतरी होईल.
एवढ्या ऑफिसातून अकाउंट्स मॅनेजरलाच का निवडलं? कारण एकदा जेवताना मी सहज म्हणालो होतो की जनावरं मला चटकन ओळखतात. खोटं नाही. सोलापूरला आमच्या गल्लीतल्या गवळ्याची म्हैस सगळ्यांच्या अंगावर जायची, माझ्या नाही.
ठरलं: रोज सकाळी ऑफिसआधी स्वतः जाऊन चारा-पाणी. शिवाय अल्पाका या विषयावर सखोल वाचन.

१२ एप्रिल, शनिवार
काल जुम्मा, जरा जास्त झोपलो. आज सहकुटुंब गेलो. सुक्कर थेट आमच्या मुलीकडे, रेवाकडे गेली, तिचा दुपट्टा हुंगला. माझ्याकडे पाठ. लाजाळू आहे.
गुरुवारी टाकलेला चारा तसाच. हेमलता म्हणाली, ही खात नाहीये. मी सांगितलं की मालकीण गेली, विरह आहे, माणसांत नाही का होत? ती म्हणाली, मी माहेरी गेले की तुम्ही दुप्पट खाता.
विषयांतर करण्याची तिची जुनी सवय.

१३ एप्रिल, रविवार
सकाळी जमलं नाही. दुपारी गेलो तर शेजाऱ्याच्या मेंढ्या कुंपणातून आत शिरून सुक्करच्या गवतात चरत होत्या. नेहमीच्याच दिसल्या, मला पाहूनही हलल्या नाहीत. हाकलणार होतो, मग विचार केला की तिला सोबत होईल. सुक्कर एका कोपऱ्यात पाय मुडपून बसलेली. ध्यानस्थ.
वाचन उद्यापासून.

१५ एप्रिल, मंगळवार
हेमलताने सुक्करच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिचा चेहराच बदलला. म्हणाली, लोकरीखाली नुसती हाडं लागतायत हो, हात लावून तरी बघा. मी म्हटलं, ब्रीडच सडपातळ आहे. रेवा फोनमध्ये बघून म्हणाली, बाबा, शी इज नॉट ओके, वी नीड अ व्हेट. नववीतल्या मुलीला मी शांतपणे समजावलं की फोनवर वाचून कुणी तज्ज्ञ होत नाही.
नंतर मी स्वतः फोनवर वाचलं. लक्षणं ॲसिडिटीशी तंतोतंत जुळतात.
ओवा आणि काळं मीठ कोमट पाण्यातून पाजायचा प्रयत्न केला. सुक्करने ते सगळं, शिवाय पोटातलं हिरवं काहीतरी, माझ्या शर्टावर थुंकलं. ऑडिटरबरोबर मीटिंग होती. वास शेवटपर्यंत गेला नाही. तरी चांगलं लक्षण आहे. थुंकायची ताकद आहे म्हणजे जनावर खंबीर आहे.

१६ एप्रिल, बुधवार
चारा घ्यायला मुस्तफाभाईंच्या दुकानात गेलो. रत्नागिरीचे, पण आयुष्य इथेच गेलं. सगळं ऐकून म्हणाले, रत्नाकरभाऊ, ही तर उंटाचीच चुलत बहीण. उंटाच्या बाजारात एक डाक्तरीण बसते, तिला दाखवा नि मोकळे व्हा. मी हसलो. सुक्कर विमानाने आलेली, दक्षिण अमेरिकेच्या थंड डोंगरांतल्या जातीची. तिला उंटाच्या बाजारात नेऊ? उद्या हेमलताला ताप आला तर तिलाही उंटाच्या डॉक्टरकडे न्या म्हणाल, असंही बोललो. ते हसले नाहीत. म्हणाले, बघा बुवा, जनावर परक्याचं हाय.
योग्य डॉक्टर शोधणार. मिळेल तो नव्हे. योग्य.

१७ एप्रिल, गुरुवार
शहरात एक क्लिनिक सापडलं. काचेचे दरवाजे, एसी, बोर्डवर ‘एक्झॉटिक’ असा स्पष्ट शब्द. सुक्करला मागच्या सीटवर बसवायला गेलो, पण ती पायच उचलेना, म्हणून तिचे व्हिडिओ घेऊन एकटाच गेलो. वेटिंगमध्ये सगळी मांजरं. डॉक्टर तरुण. त्याने माझ्यादेखत कॉम्प्युटरवर ‘अल्पाका’ टाइप केलं. अभ्यासू माणूस. मग प्रामाणिकपणे म्हणाला, मी मांजरं आणि पोपट बघतो, हे माझं काम नाही, मोठ्या जनावरांच्या डॉक्टरला आजच दाखवा.
इतकी नम्रता हल्ली दुर्मिळ. मी आग्रह केला तेव्हा व्हिटॅमिनची बाटली दिली. म्हणजे उपचार सुरू झाले.
घरी सांगितलं, डॉक्टरकडे जाऊन आलो. हेमलताने विचारलं, ते काय म्हणाले? मी म्हटलं, व्हिटॅमिन.

१८ एप्रिल, शुक्रवार
उम्म नासिरचा, म्हणजे म्हातारीचा, हॉस्पिटलमधून व्हिडिओ कॉल. नाकाला नळी, तरी पहिला प्रश्न, सुक्कर कैफ? म्हणजे कशी आहे? माझं अरबी तमाम आणि यल्लाच्या पलीकडे जात नाही, पण एवढं कळलं. म्हटलं, तमाम, तमाम, एकदम ठीक. तिला दाखव म्हणाली. मी घरी होतो. रमजानमध्ये म्हातारीने आम्हाला इफ्तारला बोलावलं होतं तेव्हा रेवाने काढलेला फोटो पाठवून दिला, त्यात सुक्कर कान टवकारून उभी आहे. म्हातारी स्क्रीनला हात लावून हसली. अल्हम्दुलिल्लाह म्हणाली.
फोन ठेवला. हेमलता भांडी जरा जोरात घासत होती. मंगळवारी ऑपरेशन आहे, अशा वेळी पेशंटला ताण द्यायचा का? कुठलाही विचारी माणूस हेच करेल. रेवा जेवली नाही. परीक्षेचं टेन्शन असावं.

२० एप्रिल, रविवार
सुक्कर उठत नाही. मान वर धरते, पण मधूनच खाली जाते. मी शांत आहे.
दोन आघाड्या उघडल्या. एक: इंग्लंडमधल्या एका अल्पाका तज्ज्ञ बाईंना सविस्तर ईमेल. पार्श्वभूमी, माझे उपचार, माझं निदान, सगळं. दोन: जेद्दाचं मोठं ॲनिमल हॉस्पिटल. पिकअप ठरवायची, मागे गाद्या, बर्फ, ओली चादर. घाट उतरून रातोरात पोचायचं. हेमलताला प्लॅन सांगितला. ती म्हणाली, ती घाटातच मरेल. मग म्हणाली, तुम्हाला उंटाच्या डॉक्टरची एवढी लाज का वाटते?
लाज नाही, दर्जा. हे तिला पटणार नाही म्हणून बोललो नाही.

२१ एप्रिल, सोमवार, सकाळ
इंग्लंडचं उत्तर आलं. फारच त्रोटक. खालची पापणी उलटून रंग बघा, पांढरी असेल तर आजच्या आज कॅमेलिड व्हेट गाठा. माझ्या निदानाबद्दल एक अक्षर नाही. पण ‘कॅमेलिड’ हा शब्द आवडला, अशाच स्पेशालिस्टच्या शोधात मी होतो. आता असा कॅमेलिडवाला कुठे मिळेल, रियाधला की दुबईला, हे रेवाला मोठ्याने विचारलं. तिने डबा भरता भरता माझ्याकडे पाहिलं. बाबा, कॅमेलिड. कॅमल. म्हणाली आणि शाळेची बस पकडायला पळाली.

संध्याकाळ
ऑफिसातून इस्तिराहाला पोचलो तर हेमलताची गाडी आधीच तिथे. हेमलताने ती शिकवते त्या शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली, मुस्तफाभाईंना बरोबर घेतलं, स्वतः गाडी चालवत उंटाच्या बाजारात गेली आणि डॉक्टर घेऊन आली. मला न विचारता.
डॉ. इख्लास. सुदानच्या. गमबूट, डोक्याला घट्ट रुमाल, आवाज मोठा. सुक्करची पापणी उलटली आणि आम्हाला बोलावून दाखवली. कागदासारखी पांढरी. पोटात जंत आहेत, रक्त पितायत, बरेच दिवस पितायत, म्हणाल्या. मेंढ्या चरतात त्या ओल्या गवतातून येतात. मग म्हणाल्या, मी अल्पाका आयुष्यात पहिल्यांदा बघते आहे, उंटाचा डोस हिला चालेल की नाही मला ठाऊक नाही. आमच्यासमोरच त्यांनी कुणाकुणाला फोन लावले, विचारून घेतलं, एक डोस बदलला, सलाईन लावलं.
डॉक्टरच म्हणते मला ठाऊक नाही. विश्वास तरी कसा ठेवायचा.
खाणं कधीपासून बंद आहे, असं त्यांनी मला विचारलं. दोन-तीन दिवस झाले, म्हणालो. रेवा सुक्करची मान मांडीवर घेऊन बसली होती. वर न बघता म्हणाली, नो. आम्ही आलो त्या दिवसापासून.
त्यानंतर डॉक्टरांनी सगळे प्रश्न रेवालाच विचारले. मी टॉर्च धरला. टॉर्च धरणंही महत्त्वाचं असतं.

२२ एप्रिल, मंगळवार
उम्म नासिरचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. नासिरचा फोन आला. सुक्कर कशी, विचारलं. म्हटलं, उत्तम, स्पेशालिस्ट डॉक्टर लावलीय. वाक्यातला उत्तरार्ध शंभर टक्के खरा.
दुपारी सुक्करने रेवाच्या हातून थोडी हिरवी पानं खाल्ली. धोका टळला. मुस्तफाभाईंना फोन करून सांगितलं की वेळीच पावलं उचलल्यामुळे वाचली. ते म्हणाले, इन्शाअल्ला, पण अजून काय बोलू नका.

२४ एप्रिल, गुरुवार
सकाळी आठच्या सुमारास सुक्कर गेली.
रेवा आणि हेमलता तिच्याजवळ होत्या. दोघींनी दोन बाजूंनी तिला धरून बसतं ठेवलं होतं, आडवी पडली तर श्वास अडकतो म्हणून. मी फाटकाजवळ डॉक्टरांशी फोनवर बोलत होतो, जेद्दाला हलवण्याबद्दल त्यांचं मत घेत होतो. मागे हेमलता उठून उभी राहिली. त्यावरून कळलं.
डॉक्टर आल्या, कानाखाली हात ठेवून बघितलं. मी विचारलं, काही करता आलं असतं का? म्हणाल्या, आठवडाभर आधी बोलावलं असतं तर कदाचित. नक्की सांगता येत नाही. हे दुसरं वाक्य मी लक्षात ठेवलं आहे. पहिलंही राहिलं आहे, पण ते आपोआप.
आंब्याच्या झाडाखाली पुरली. मुस्तफाभाईंनी दोन माणसं आणली होती. माती लोटताना थोडी लोकर वर राहिली, ती रेवाने हाताने झाकली.

२५ एप्रिल, शुक्रवार
शेजाऱ्याशी मेंढ्यांबद्दल कडक शब्दांत बोलायचं ठरवलं. कुंपण हेच मूळ कारण. गेलो. तो चहा द्यायला लागला. प्यायलो.
घरात रेवा माझ्याशी इंग्रजीतच बोलते आहे, ओके आणि फाइन एवढंच. वय आहे.
नासिरला सांगायचं आहे. म्हातारी आयसीयूतून बाहेर येऊ दे.

२९ एप्रिल, मंगळवार
म्हातारी बाहेर आली. जरा चालायला लागू दे.

२ मे, शुक्रवार
दुपारी तिचाच कॉल. खुर्चीत बसलेली, रंग बराच सुधारलेला. शेजारी नासिर. मी तयारी ठेवली होती. हवामान, ओलसर गवत, शेजाऱ्यांची बेफिकिरी, उपलब्ध वैद्यकीय सेवांच्या मर्यादा, आणि शेवटी ती बातमी, असा क्रम होता. नासिर अरबीत सांगणार होता. मी सुरुवात केली. हवामानापर्यंत पोचलो तोच म्हातारी मध्ये म्हणाली, बिन्त. मुलगी. मुलीला दे.
रेवाला शाळेत अरबी आहे. मला वाटायचं नुसतं मार्कांपुरतं आहे. तिने फोन घेतला आणि खाली जमिनीवर बसून हळूहळू, शब्द शोधत, सगळं सांगितलं. दिवस कळत होते मला. अल-खमीस, गुरुवार. अल-अर्बिआ, बुधवार. माझं नाव एकदाच आलं. तेव्हा पलीकडे नासिरने मान खाली घातली. मग रेवा रडायला लागली आणि म्हातारीही. तशा रडत दोघी बराच वेळ बोलत होत्या, मध्ये एकदा हसल्यासुद्धा. कशाला ते कळलं नाही.
फोनची बॅटरी संपत आली असणार, म्हणून मी पॉवर बँक लावून बाजूला धरून उभा होतो.
मग कॉल बंद झाला. रेवाने फोन माझ्या हातात दिला आणि आत गेली. नासिरला आणि म्हातारीला माझ्याशी बोलायचं असणारच, नेमकी बॅटरी गेली.
आत्ता बघितलं. ऐंशी टक्के आहे.